आधी रोख जुळेना, मग प्रेशर

२०२३ च्या नोव्हेंबरात कराडला पुतणीचं लग्न होतं. कार्यालयात एका खोलीत आम्ही आठ-नऊ जणी गाद्या टाकून ओळीने झोपलो. सकाळी धाकट्या जाऊबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पण रात्री तुमचा श्वास मध्येच थांबत होता. मी दोनदा हलवून उठवलं तुम्हाला." घोरण्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. बाकीच्या बायकांच्या चेहऱ्यांवरून ते मला कळलंच. पुरुष घोरला की घरात त्याची चेष्टा होते. बाई घोरते हे मात्र कोणी तोंडावर सांगत नाही, म्हणून तिला ते कळायलाच वर्षं जातात. आमच्या ह्यांना तर पत्ताच नव्हता, कारण ते माझ्याआधी झोपतात आणि माझ्याहून मोठ्याने घोरतात.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशियर आहे, वय ५४. त्या वर्षी दिवसाअखेर रोख जुळेनाशी झाली होती. कधी पाचशे कमी, कधी दोनशे जास्त. एकदा शंभराच्या बंडलात १०१ नोटा बांधून मी सही करून मोकळी झाले होते. सकाळी उठताना डोकं जड, दुपारी तीनला डोळे मिटायचे. आमच्या डॉक्टरांनी थायरॉइड तपासलं, ते नॉर्मल आलं. हिमोग्लोबिन ११.२ होतं. "पाळी जायचं वय आहे, होतं असं," म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिने घेतल्या. जाऊबाई बोलल्या नसत्या तर आजही घेत बसले असते.

२०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या एका छातीविकार तज्ज्ञांची वेळ घेतली. दोन आठवडे थांबावं लागलं, फी १,००० रुपये. त्यांनी एक प्रश्नावली भरायला दिली. वाचताना, गप्पा मारताना, गाडीत बसल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, असे आठ प्रश्न होते आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. एसटीत वाई फाट्याच्या आतच माझा डोळा लागतो, हे मी प्रामाणिकपणे लिहिलं. २४ पैकी १५ झाले. दहाच्या वर गेलं की दिवसाची झोप जास्त आहे असं धरतात.

झोपेच्या तपासणीसाठी २३ फेब्रुवारीची तारीख मिळाली. रात्री आठला हजर व्हायचं, सकाळी सहाला सुट्टी, १२,५०० रुपये. डोक्याला, हनुवटीला, छातीला, पायांना वायरी लावतात. नाकाशी नळी आणि बोटाला चिमटा. बायकांनी एक लक्षात ठेवा, त्या दिवशी केसांना तेल लावू नका, वायरी चिकटत नाहीत. मी लावून गेले होते. तिथल्या मुलीने स्पिरिटने एकेक जागा पुसत पाऊण तास घालवला, पण एका शब्दाने बोलली नाही.

रिपोर्ट पाच दिवसांनी मिळाला. एएचआय ३४, म्हणजे तासाला सरासरी ३४ वेळा श्वास थांबला किंवा फार उथळ झाला. पाचच्या आत असेल तर नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. स्वप्नं पडतात त्या झोपेत माझा आकडा ५८ होता. ऑक्सिजन ७६ पर्यंत उतरला होता. तो ७६ मी कितीतरी वेळ बघत बसले. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला चिमटे लावून ९४ च्या खाली गेलं की लोक हवालदिल व्हायचे, ते आठवलं.

डॉक्टरांनी सांगितलं, ह्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाचा रस्ता मिटतो, तो हवेच्या दाबाने उघडा ठेवायचा. एवढंच काम सीपॅप मशीन करतं. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये पहिल्यांदा हा उपाय प्रसिद्ध केला, तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती म्हणे. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "म्हणजे आता रात्रभर घरात केर काढणार का?" तसं काही नाही, हल्लीची मशीन पंख्यापेक्षा कमी आवाज करतात.

प्रेशर पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. मला काही ते समजेना. डॉक्टर म्हणाले, पाण्याच्या उंच भांड्यात नळी दहा सेंटिमीटर बुडवा आणि बुडबुडा येईपर्यंत फुंका, तेवढा जोर म्हणजे दहा. घरी येऊन तांब्यात नारळपाण्याची नळी घालून फुंकून बघितलं. चारला काहीच वाटत नाही. बाराला गाल फुगतात. पुढे कोणी "दोनने वाढवू या" म्हणालं की तो तांब्या डोळ्यांसमोर यायचा.

मशीनला ५६,००० आणि मास्कला ६,२०० लागले. पतसंस्थेतूनच कर्मचारी कर्ज काढलं. महिन्याच्या भाड्याने मशीन मिळतं हे मला नंतर कळलं. तुम्ही आधी भाड्याने घेऊन बघा आणि मास्क तर दोन-तीन प्रकारचे लावून, आडवं पडून बघा. खुर्चीत बसून सगळेच बरे वाटतात. मी नाकपुड्यांत बसणाऱ्या दोन मऊ उशांचा, सगळ्यात लहान मास्क घेतला, कारण त्यात चेहरा मोकळा राहतो.

विम्याचं इथेच सांगून टाकते. ह्यांच्या ऑफिसच्या पॉलिसीत मीही आहे. मूळ बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी, रिपोर्ट, रद्द केलेला चेक असं सगळं ४ मेला पाठवलं. २७ मेला नकाराचं पत्र आलं. केवळ तपासणीसाठी ॲडमिट झालेलं चालत नाही, म्हणून तपासणीची रात्र बाद. सीपॅप हे पॉलिसीतल्या 'न देय' वस्तूंच्या यादीत होतं, म्हणून मशीनही बाद. पत्र बरोबरच होतं. मी पॉलिसीचं ते पान आधी वाचलं असतं तर झेरॉक्सचे पैसे वाचले असते. काही पॉलिसींत आणि सरकारी नोकरांच्या योजनांत वेगळं असू शकतं, तेव्हा खरेदीच्या आधी लेखी विचारा.

मशीन आलं पाडव्याच्या आदल्या दिवशी, ८ एप्रिलला. विक्रेत्याचा मुलगा घाईत होता. टेबलावर मशीन ठेवलं, नळी जोडली, "काकू, हे बटण दाबायचं आणि झोपायचं, ऑटो आहे, सगळं आपोआप," एवढं सांगून सही घेऊन गेला.

पहिल्या रात्री वाटलं, कोणीतरी नाकाशी उशी धरली आहे. मशीन चालू असून हवाच पुरेना. चाळीस मिनिटांनी मास्क काढून फेकला. दुसऱ्या रात्री दोन तास झोपले. मग दुपारी टीव्ही बघताना नुसता मास्क लावून बसायची युक्ती केली, तिने बरीच भीड चेपली. तिसऱ्या आठवड्यात साडेचार-पाच तासांवर आले. पण सकाळचं डोकं तसंच जड, आणि तोंड असं कोरडं की जीभ टाळूला चिकटायची.

मशीन सकाळी आकडे दाखवतं, किती तास वापर झाला, एएचआय किती, मास्कची गळती किती. आकडे दिसले की मला लिहून ठेवल्याशिवाय राहवत नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकोनात रोज लिहू लागले. त्याच चौकोनात हे दुधाचा हिशोब ठेवतात. एप्रिलअखेर दूधवाल्याला ह्यांनी जे पैसे दिले त्यात माझा एएचआय धरला गेला होता. बाराच्या आसपास आकडे होते, तेव्हा दूधवाला परत द्यायला आला हे त्याचं मोठेपण. त्यानंतर मी लाल पेन वापरायला लागले.

२४ मेला पुण्यात डॉक्टरांकडे गेले. मशीनचं छोटं कार्ड पाकिटात घालून नेलं होतं. ते कॉम्प्युटरला लावल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे चार ते वीस कोणी ठेवलंय?"

चिठ्ठीवर त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं, ऑटो, ७ ते १४, म्हणजे मशीनने गरजेप्रमाणे प्रेशर सात ते चौदाच्या मध्येच कमी-जास्त करायचं. मशीन कंपनीतून येतं तसंच, ४ ते २० वर चालू होतं. सहा आठवडे. खाली चार म्हणजे मोठ्या माणसाला बहुतेक वेळा हवा कमी पडल्यासारखीच वाटते. माझी पहिल्या रात्रीची घुसमट तिथली. आणि श्वास बंद पडल्यावर मशीन चारपासून चढत चढत कामाच्या प्रेशरला पोचेपर्यंत माझी झोप मोडलेली असायची. मला त्या मुलाचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. आयुष्यभर दुसऱ्याने मोजलेली नोट पुन्हा मोजल्याशिवाय गल्ल्यात घेतली नाही, आणि ६२,००० ची वस्तू चिठ्ठीशी न जुळवता सही करून घेतली. मशीन घरी आलं की देणाऱ्याला म्हणा, चिठ्ठीवरचा आकडा स्क्रीनवर दाखव आणि मगच सही घे.

डॉक्टरांनी तिथेच ७ ते १४ करून दिलं. श्वास सोडताना प्रेशर थोडं उतरवायची एक सोय असते, ती तीनवर ठेवली. तीन आठवडे बघा म्हणाले. घुसमट त्याच रात्री गेली. एएचआय १२ वरून ८ वर आला आणि तिथेच अडून बसला.

इथे मी मूर्खपणा केला. भाचा सुट्टीला आला होता. त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून डॉक्टरांसाठीचा मेनू उघडून दिला. मी कॅशियरचा हिशोब केला की ७ ने १२ चा ८ होतो, तर १४ ने शून्य व्हायला हवा. १७ जूनला ऑटो बंद करून प्रेशर सरळ १४ वर पक्कं केलं. पहाटे तीनला उठले तर पोट नगाऱ्यासारखं. हवा अन्ननलिकेतून पोटात गेली होती. सकाळी देवासमोर बसले आणि आरतीच्या ऐवजी ढेकरच. एएचआय ९.६. चार रात्री हट्टाने तसंच चालवलं, आकडा ११ वर गेला. शेवटी लाज गुंडाळून फोन केला.

डॉक्टर ओरडले नाहीत, पण "ताई, तुमच्या पतसंस्थेत मी येऊन गल्ला उघडला तर चालेल का?" असं विचारलं. मग समजावून सांगितलं. श्वास थांबण्याचे दोन प्रकार असतात. एकात रस्ता बंद होतो आणि छाती धडपडत राहते. दुसऱ्यात रस्ता उघडा असतो, पण मेंदूच श्वास घ्यायचा निरोप पाठवत नाही. मशीन दोन्ही वेगळे मोजतं. माझे नवे आकडे बहुतेक दुसऱ्या प्रकारचे होते. गरजेपेक्षा जास्त प्रेशरने काही जणांच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मेंदूला श्वासाची आठवण करून देणारा तोच असतो. अशा वेळी प्रेशर चढवलं तर त्रास वाढतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी तर मेनूला हातही लावू नये, असं त्यांनी बजावलं. मी ७ ते १४ परत करून घेतलं. भाच्याला मात्र मी काही बोलले नाही, मेनू त्याने उघडला असला तरी आकडा मीच फिरवला होता.

फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "प्रेशर सोडा, तुमची गळती बघा. मिनिटाला ३८ लिटर आहे." माझ्या मशीनची कंपनी २४ पर्यंत ठीक मानते. गळती फार असली की घशापर्यंत पुरतं प्रेशर पोचत नाही, झोप मोडते, आणि मशीनची मोजणीसुद्धा भरवशाची राहत नाही. म्हणजे मी दोन महिने चौकोनात जे लाल आकडे लिहीत होते ते तितकेसे खरे नव्हतेच! कच्ची वही चुकीची असेल तर पक्क्या वहीत कितीही बेरजा करा.

गळती शोधायला पुढचे दोन आठवडे गेले. अंबाडा सोडला, कारण मागचा पट्टा त्याच्यावरून घसरायचा, आता सैल वेणी घालते. रात्री चेहऱ्याला क्रीम लावणं बंद केलं. पट्टे आवळले, तर गालावर वळ उठले आणि गळती वाढली. मास्कची उशी मोठ्या मापाची घेतली, ९०० रुपये, फरक नाही. आरशासमोर मास्क लावून, मशीन चालू करून, ओला हात चेहऱ्याभोवती फिरवला. डाव्या नाकपुडीशी गार फुंकर लागली. उजवीकडे काही नाही.

डावीकडे माझी चमकी आहे. सहावीत असताना आजीने टोचून आणली होती. बाहेरून तांदळाएवढा खडा दिसतो, पण आत फिरकी असते, आणि मास्कची मऊ उशी नेमकी त्या फिरकीवर बसत होती. एवढे डॉक्टर, तंत्रज्ञ, विक्रेते, कोणी विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही, कारण बेचाळीस वर्षांत ती चमकी आहे हेच मी विसरले होते.

१४ जुलैला, रविवारी, सोनाराकडे गेले. फिरकी गंजल्यासारखी घट्ट झाली होती. त्याने तेलाचा थेंब सोडला, बारीक पकडीने पंधरा मिनिटं फिरवली, डोळ्यांतून पाणी आलं. निघाल्यावर आरशात बघितलं तर चेहरा कोणाचातरी दुसऱ्याचाच वाटला. सासूबाई म्हणाल्या, "सवाष्णीचं नाक मोकळं बरं नाही दिसत." मी म्हटलं, "आत्या, दिवसा घालीन." दुसऱ्या दिवशी त्यांना सकाळचा आकडा दाखवला. गळती ६. आकड्याचं त्यांना काही कळलं नाही, पण पुढे काही म्हणाल्या नाहीत. आता फिरकीऐवजी दाबाची, बिनफिरकीची चमकी सकाळी घालते आणि रात्री काढून डबीत ठेवते. नथीचं भोक लवकर बुजतं, तेव्हा रोज घाला. आणि चमकी काढायचीच नसेल तर अख्खं नाक झाकणारा मास्क घ्या, त्यात हा प्रश्न सहसा येत नाही.

गळती थांबली आणि त्याच ७ ते १४ वर एएचआय पहिल्याच आठवड्यात ४ च्या आसपास आला. मशीनचं प्रेशर रात्रीचा ९५ टक्के वेळ ज्या आकड्याच्या आत राहतं तो एक आकडा असतो. आधी तो १२.६ होता, आता ९.८ झाला. म्हणजे मी चढवायला निघाले होते आणि मला लागत होतं कमीच.

२३ ऑगस्टला डॉक्टरांनी कार्ड बघून ८ ते ११.५ केलं. खालचा आकडा वाढवला, कारण पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत अजून श्वास अडत होता आणि सातवरून चढायला मशीनला वेळ लागत होता. वरचा उतरवला तो पोटातल्या हवेसाठी. श्वास सोडतानाची सूट तीनची दोन केली, पण पंधरा दिवसांनी. मी म्हटलं, सगळं आजच करा, पुण्याची खेप वाचेल. ते म्हणाले, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निदान आठवडाभर बघायचं, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. दुसऱ्या बदलासाठी मात्र त्यांनी खेप घालायला लावली नाही. फोनवर सांगत गेले आणि मी त्यांच्या परवानगीने मेनू उघडला. त्या दिवशी हात थरथरत होते.

पावसाळ्यात एक वेगळंच झालं. नळीत गुळगुळ आवाज यायला लागला आणि नाकावर पाण्याचा थेंब पडला. मशीनमध्ये हवा दमट करायला पाणी असतं, त्या कोमट हवेतल्या वाफेचं गार नळीत पाणी होतं. दमटपणा पाचवरून तीनवर आणला आणि जुन्या सुती साडीचं नळीला कव्हर शिवलं, थांबलं. भांड्यात मेडिकलमधलं डिस्टिल्ड पाणी घालते, नळाच्या पाण्याने तळाला क्षार साचतात. लाइट गेली तर नाकाचा मास्क असल्याने तोंडाने श्वास घेता येतो, घाबरायचं कारण नाही. आमच्या इन्व्हर्टरवर मशीन रात्रभर चालतं, मात्र तेव्हा पाण्याचं हीटर बंद ठेवते, कारण वीज तेच जास्त खातं.

ऑक्टोबरच्या चौकोनांत एएचआय १.९, २.२, १.६, वापर सहा-साडेसहा तास. गुरुवारी रात्री मात्र नेहमी तीनच्या वर. महिनाभर विचार केला. गुरुवारी ह्यांना रात्रपाळी असते आणि मी ऐसपैस उताणी झोपते. उताणं झोपलं की घसा जास्त मिटतो. आता पाठीशी लोड लावते.

रोख जुळते का, असं संस्थेतले लोक विचारतात. दिवाळीनंतर एकदाच चुकली, शंभरने, आणि ती माझी नव्हती.

डिसेंबरात पुन्हा लग्न होतं, ह्या वेळी कोरेगावला, पुन्हा आठ-नऊ बायकांची एकच खोली. मशीनची पिशवी आणि पाच मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन गेले. प्लगजवळची जागा आधीच मागून घेतली. संकोच वाटला, पण दहा मिनिटंच. सगळ्यांनी मास्क हातात घेऊन बघितला, एका मावशींनी तर लावूनही बघितला. त्या म्हणाल्या, "विमान उडवल्यासारखं वाटतंय." धाकट्या जाऊबाई शेजारीच झोपल्या होत्या. त्यांना सकाळी विचारलं, तर म्हणाल्या, "मला काही माहीत नाही, मी झोपले होते." आकडा ३.१ आला होता. मांडवात सनई पहाटे चारपासून सुरू होती, तेव्हा तेवढं चालायचंच.